निळी साल

३ ऑक्टोबर

वन्सं,

पत्राची सुरुवात खुशालीनं करावी, पण ते आज माझ्याच्यानं होणार नाही. फोन केला असता, तर तुम्हाला ऐकू येत नाही. शेजारच्या बाईला मध्ये घालून हे सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहितेय. तुमच्या दादाला यातलं काही माहीत नाही, आणि कळूही द्यायचं नाही.

आमच्या गावच्या पाणीघरातला पंप फुटला. विहिरींचं पाणी गेली काही वर्षं खारट झालंय, ते तुम्हाला ठाऊक आहे. साध्या बिडाचे इंपेलर, म्हणजे पंपाच्या पोटात फिरून पाणी फेकणारी चाकं, त्या पाण्यात सडून चाळण होतात. तेव्हा पाणीपुरवठा मंडळाची माणसं ह्यांच्याकडे आली. तुमचा तो लोखंड-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू भट्ट्यांच्या धुरात वर्षानुवर्षं टिकतो, मग पाणी ते काय, असं त्यांचं म्हणणं. ह्यांना तर आकाश ठेंगणं झालं. आयुष्यभर वीटभट्ट्यांच्या जाळ्या आणि काचकारखान्याचे बर्नर ओतले, आता सगळं गाव आपल्या चाकाचं पाणी पिणार! चाकं ओतली, बसवली, फोटोसुद्धा काढला.

पहिल्या चाकाला तडा गेला तेव्हा हे म्हणाले, बसवताना ठोकलं असेल. दुसऱ्याला गेला तेव्हा चाक उलटसुलट करून बघत बसले. तिसरं चालू पंपात फुटलं, झाकण उडालं आणि तुकडा घड्याळच्या उजव्या डोळ्यात घुसला. घड्याळ म्हणजे आमचा पंपवाला. त्याच्या भोंग्यावर गाव जेवतं, म्हणून त्याला घड्याळ म्हणतात. ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. डोळा गेला, वन्सं.

त्या दिवसापासून तुमच्या दादाच्या तोंडाला कुलूप आहे. कारखान्यात जात नाहीत. ताटावर बसतात आणि उठतात. वीस डिसेंबरला मंडळाची चौकशी आहे. तिथे हे लिहून देणार आहेत की हा धातू कुचकामी आहे, मी आयुष्यभर लोकांना फसवलं, आणि यापुढे भट्टी पेटवणार नाही. मसुदा तयार आहे, मी वाचला. भट्टी विझली की हा माणूसही विझेल. मी संसार केलाय ह्यांच्याशी, मला कळतं.

तुम्ही जन्मभर धातू का सडतात हेच शोधलंत. आता माझ्यासाठी एवढं शोधा, की ह्यात ह्यांच्या धातूचा दोष नाही.

तुमची वहिनी


९ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र कालच मिळालं, पण एक दिवस थांबून लिहितेय. घड्याळचं फार वाईट वाटलं. लहानपणी मला सायकलवर पुढे बसवून न्यायचा आणि मुद्दाम खड्ड्यातून घालायचा.

आधी फाशी आणि मग पुरावा, ही आपल्या घरची जुनी रीत आहे. दादानं स्वतःला फाशी सुनावलीच आहे, तू निर्दोष ठरवून टाकलंयस. मला मध्ये थोडी जागा द्या. दादाच्या धातूत ॲल्युमिनियम भरपूर आहे आणि चिमूटभर क्रोमियम. असा धातू आगीत उत्तम, हे मला माहीत आहे. पाण्यात कसा, ते पाण्यावर ठरतं, पाण्यातल्या मिठावर ठरतं, आणि इतर शंभर गोष्टींवर ठरतं.

दादा प्रत्येक ओतणीतून नमुन्याचे काही तुकडे काढून ठेवतो. चाकं ज्या ओतणीची, त्याच ओतणीचे तुकडे पाठव. चाकाबरोबर जे जे केलं असेल तेच त्यांच्याबरोबर झालेलं हवं. विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून पाठव. तुकडे पुसू नकोस, घासू नकोस, ओवाळू नकोस.

आणि एक आताच सांगून ठेवते. मी दिसेल तेच लिहीन. तुला आवडणारं निघेल असं वचन देत नाही.

आईला माझा नमस्कार सांग. अजून भांडी फोडते का?

मुंगी


१६ ऑक्टोबर

वन्सं,

पार्सल पाठवलंय. तुम्हाला मुंगी म्हणायचं घरात तुमच्या दादांनी सुरू केलं ते उगाच नाही. माणूस बुडतोय आणि तुम्ही कण न् कण मोजत बसणार. रागावू नका, सध्या माझ्या तोंडाला फाटक राहिलेलं नाही.

कारखान्याची किल्ली मी माझ्याकडे ठेवलीय. तुकडे काढायला एकटीच गेले. भट्टी गार, साच्यांची वाळू तशीच पडलेली, कोपऱ्यात उरलेली चाकं रांगेनं मांडलेली. वन्सं, काय दिसतात ती! गडद निळी, मोराच्या मानेसारखी. तुम्ही म्हणालात ना, चाकाबरोबर जे केलं तेच तुकड्यांबरोबर झालेलं हवं, तर काय केलं ते ऐका. ओतलेली वस्तू हे पुन्हा भट्टीत भाजतात, तिच्यावर निळी साल धरेपर्यंत. ती साल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नवा कामगार आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात तुकडा देऊन सांगतात, "घरी बायकोशी भांडून ये, चालेल. पण ह्या सालीला नख लावशील तर दुसरीकडे काम बघ." भट्टीतला धूर, गंधक, आच, सगळं ती साल सोसते म्हणे, आतल्या धातूला झळ लागू देत नाही. आणि पाणीघराची चाकं तर त्यांनी तुकड्यांसकट नेहमीच्या दुप्पट भाजली. लेकीला सासरी पाठवताना करावी तशी तयारी केली. मऊ फडक्यानं पुसून, कागदात गुंडाळून दिली. एवढी काळजी घेतलेल्या चाकाला दोष असेल कसा, तुम्हीच सांगा.

तुकडे दोन-चारच सापडले, कमी पडतील असं वाटलं, म्हणून एक घरातला घातलाय. ओतणीचा आकडा त्याच्यावर तोच ठोकलेला आहे.

तुमचे दादा काल अंगणात बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते. चहा दिला तर म्हणाले, "घड्याळला दिला का?" तेवढंच बोलले. मी आत येऊन रडले.

आई बऱ्या आहेत. भांडी फोडत नाहीत, घासतात. विसरतात आणि पुन्हा घासतात. परवा कढईला भोक पडतंय की काय असं वाटलं.

लवकर कळवा.

वहिनी


११ नोव्हेंबर

वहिनी,

बसून वाच.

तुकडे तुझ्याच विहिरीच्या पाण्यात ठेवले. पहिल्या आठवड्यात काही नाही. मग निळ्या सालीवर ठिपके दिसायला लागले, ठिपक्यांतून नारिंगी ओघळ. काल बाहेर काढून सुई टोचून पाहिली. वरून साल धडधाकट आणि खाली खड्डे, सुई आत जाते. एक तुकडा व्हाइसमध्ये आवळून वाकवला. वाकला नाही, बिस्किटासारखा मोडला.

हे का होतं ते थोडक्यात सांगते. उघड्या ॲल्युमिनियमची पाण्याशी गाठ पडली की त्यातून हायड्रोजन सुटतो. तो हवेत गेला तर ठीक, पण थोडा धातूच्या आत शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. मीठ वरून पोखरतं, हायड्रोजन आतून. मग जोरात फिरणारं चाक तडकायला वेळ लागत नाही. घड्याळच्या डोळ्यात गेलेला तुकडा असाच सुटला असणार.

मी तुला सांगितलं होतं, दिसेल तेच लिहीन. हे लिहिताना मला आनंद होत नाहीये.

आता दुसरी गोष्ट. ती विचारायलाच हवी. तू घरातला म्हणून पाठवलेला तुकडा त्याच पाण्यात, तितकेच दिवस होता. त्याला काहीही झालेलं नाही. चकचकीत आहे, एक खड्डा नाही. वाकवला तर थोडा वाकला, मोडला नाही. वहिनी, हा दादाचा धातू नाही. आकडा कोणीही ठोकू शकतं. तू कुठून स्टेनलेसचा तुकडा आणून घातलास का? दादाला वाचवायची तुझी धडपड मला समजते, पण प्रयोगात असलं चालत नाही. माझे सगळे निकाल त्यानं नासतात. खरं काय ते लिही.

मुंगी


१६ नोव्हेंबर

वन्सं,

शाबास. नवरा घुसमटतोय आणि नणंद चोरीचा आळ घेतेय! स्टेनलेस मी कुठून आणणार? मला तो ओळखता तरी येतो का? लग्न होऊन आल्यापासून तुमच्या घरात लोखंडाच्याच गप्पा ऐकतेय, पण चमचा आणि सांडशी यापलीकडे माझी अक्कल नाही, हे तुम्हीच ना म्हणायच्यात?

तो तुकडा तुमच्या दादाचाच आहे. चाकं ओतली त्या दिवशी हौसेनं घरी आणून आईंच्या पुढ्यात ठेवला होता, "बघ, तुझ्या लेकाचं पाणी." मग तो स्वयंपाकघरातच राहिला. गरम पातेलं ठेवायला वापरायचो. आणि चकचकीत का, ते विचाराल तर आईंना विचारा. त्यांना तो करपलेल्या भांड्याचा तुकडा वाटतो. रोज राख आणि वाळू घेऊन घासतात. "एवढं काळं ठेवतात का घरात," म्हणतात. निळी साल केव्हाच गेली त्याची. मला पाठवताना लाज वाटली, म्हणून लिहिलं नाही. ह्यांना कळलं असतं तर जीव कासावीस झाला असता, साल खरवडलेला तुकडा परीक्षेला पाठवला म्हणून. बिघडलेला तुकडा होता, तो बाजूला काढून टाका, तुमचे निकाल नासत असतील तर. पण मला चोर म्हणू नका.

आता मी सांगते ते ऐका. परवा ह्यांनी बारीक मापं घ्यायचा आपला व्हर्नियर घड्याळला नेऊन दिला. वडिलांनी दिलेला, कोणाला हात लावू देत नसत. कानशींचा संच शेजारच्या वेल्डरला. मापाच्या पट्ट्या कोणाला दिल्या ते सांगत नाहीत. जगायचं असलेला माणूस आपली हत्यारं वाटून टाकतो का हो? काल माझ्याकडे कारखान्याची किल्ली मागितली. मी म्हटलं, हरवली. माझ्या कमरेलाच होती, त्यांनी पाहिलीही असेल. तसेच मागे वळले. तेव्हापासून मी ह्यांना नजरेआड करत नाही. आंघोळीला गेले तरी दाराशी उभी असते. मला भीती वाटते, वन्सं. ती शब्दात लिहायचीसुद्धा भीती वाटते.

तुमच्या सुया आणि खड्डे मला नकोत. मोठ्या प्रयोगशाळेतलं माणूस तुम्ही, शिक्क्याच्या कागदावर दोन ओळी लिहा, धातू चांगला आहे म्हणून. खोटं असलं तर असू दे. मी तुमच्या पाया पडते.

वहिनी


२ डिसेंबर

वहिनी,

आधी माफी. चोर म्हटलं, चुकलं. तुझं पत्र आलं आणि आईची ती राख-वाळू वाचून मी उभीच राहिले.

तुझा "बिघडलेला" तुकडा हाच खरा साक्षीदार निघाला. मग मी काय केलं, ऐक. उरलेल्या निळ्या तुकड्यांतला एक अर्धा कापला. एका अर्ध्याची साल पॉलिशपेपरनं पूर्ण काढली, दुसऱ्याची तशीच ठेवली. वेगवेगळ्या बरण्यांत, तेच पाणी. निळा सडला. घासलेला स्वच्छ आहे. तरी माझी खात्री होईना. मग आईनं घासलेला तो चकचकीत तुकडा लोहाराकडे नेला, त्याच्या भट्टीत पुन्हा भाजून निळा करून आणला आणि परत पाण्यात टाकला. इतके दिवस ज्याला काही झालं नव्हतं, तोच तुकडा, वहिनी. आठवड्याच्या आत ओघळ आले.

आगीत ही साल खरंच कवच आहे. तिथे ती कुठे फाटली तर आच स्वतःच ती पुन्हा शिवते. पण साल धरताना ती खालच्या थरातलं ॲल्युमिनियम खाऊन टाकते. खाली उरतो तो गरीब, दुबळा थर. आगीत त्याला कोणी विचारत नाही. पाण्यात सालीच्या बारीक फटींतून मीठ आत शिरतं आणि नेमकं त्या थरावर बसतं. साल काढून टाकली की खालचा धडधाकट धातू पाण्यातच आपली दुसरी, पातळ, न दिसणारी साल धरतो, आणि ती पुरते. अमर नाही होत तो. तुमचं पाणी फार खारट आहे, चाक अधूनमधून काढून तपासावंच लागेल. पण असं फुटलं नसतं. मला जेवढं कळतं त्यावरून, फुटलं नसतं.

तेव्हा तू मागितलेलं उत्तर हे आहे. धातूचा दोष नाही.

आणि आता जे लिहायचंय ते लिहवत नाही. दोष भाजण्याचा आहे. म्हणजे दादाच्या हातांचा. साधी भाजली असती तर चाकं थोडी जास्त टिकली असती. त्यानं मायेनं दुप्पट भाजली, साल जाड झाली, खालचा थर आणखी दुबळा झाला. अति तिथे माती. त्यानं चाकाकडे दुर्लक्ष केलं असतं, एखाद्या अडाण्यानं घासून पुसून दिलं असतं, तर घड्याळचा डोळा आज असता. आगीचं शास्त्र त्यानं पाण्याला लावलं. कोणी सांगितलं नाही त्याला, आणि त्यानं विचारलं नाही.

शिक्क्याबद्दल. वहिनी, शिक्का माझ्याकडे नाही. प्रयोगशाळेनं मला गेल्याच वर्षी निरोप दिला. कान गेलेल्या बाईला यंत्राचे भोंगे कसे ऐकू येणार, म्हणाले. तुला आणि दादाला कळवलं नाही, वाईट वाटून घ्याल म्हणून. हे सगळे प्रयोग माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या बरण्यांमध्ये झाले. निकाल खरे आहेत, पण चौकशी समिती बरण्यांना विचारणार नाही.

दादाला हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. त्याला नजरेआड करू नकोस.

मुंगी


७ डिसेंबर

वन्सं,

नाही सांगणार.

तुमचं पत्र पिठाच्या डब्याच्या तळाशी घातलंय. तुमच्यासाठी ते उत्तर आहे, माझ्या घरात ते विष आहे. आज निदान असं आहे की धातू वाईट निघाला, नशिबानं दगा दिला. माणूस नशिबाला शिव्या देऊन कसाबसा दिवस ढकलतो. उद्या ह्यांना कळलं की मित्राचा डोळा आपल्या हौसेनं गेला, जी साल आयुष्यभर मिरवली तिनंच गेला, तर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी दाराशी उभी राहून किती दिवस पुरणार?

मी धातू निर्दोष ठरवा म्हटलं होतं, हे नव्हतं मागितलं. आगीतून फुफाट्यात टाकलंत मला. आणि तरी तुमच्यावर राग धरता येत नाही. तुमची नोकरी गेली आणि तुम्ही वर्षभर बोलला नाहीत, ह्याचं मला रडू आलं. दोघं बहीणभाऊ सारखेच, मनातलं मनात कुजवायचं. खिडकीतल्या बरण्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

माझं एकच मागणं आहे. दुसरं पत्र लिहा. त्यात लिहा की पाणीच असं होतं की कोणाचाच इलाज नव्हता. ते मी ह्यांना दाखवीन, चौकशीच्या आधी. तुमचा शब्द हे मानतात. शिक्का नसला तरी मानतील.

लिहाल ना?

वहिनी


१२ डिसेंबर

वहिनी,

सोबतच्या कागदावर तू सांगितलंस तसं लिहिलंय. जन्मात पहिल्यांदा, आणि लिहिताना अक्षर माझं मलाच अनोळखी वाटलं. तुझ्या दाराशी मी उभी नाही, तेव्हा तुला नाही म्हणायचा मला हक्क नाही.

पहिलं पत्रही फाडू नकोस. दोन्ही जवळ ठेव.

मुंगी

(सोबतचा कागद)

प्रिय दादा,

वहिनीनं तुझे तुकडे आणि पाणी माझ्याकडे पाठवलं होतं. मी सगळं तपासलं. तुमच्या विहिरीचं पाणीच भयंकर आहे. त्यात कुठलाच धातू टिकला नसता. तुझ्याकडून काहीही चुकलेलं नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी मुंगी


२२ डिसेंबर

मुंगे,

मी तुला पत्र लिहितोय, म्हणून घाबरून जाऊ नकोस. मी आहे.

तुझा तो कागद तुझ्या वहिनीनं चौकशीच्या आदल्या दिवशी माझ्यापुढे ठेवला. वाचला आणि म्हटलं, हे मुंगीचं नाही. अक्षर तुझं, पण माणूस दुसरा. लहानपणी ताप आहे का विचारलं तरी "मोजून सांगते" म्हणणारी तू. तू लिहिणार "कुठलाच धातू टिकला नसता"? कुठलाच? सगळे तपासलेस? मी तुझ्या वहिनीकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला होता, की चोरी तिनं केली आणि मुद्देमालही तिच्याच हातात. म्हटलं, दुसरं पत्र काढ. ती उठून ओट्याशी गेली. मग पिठाचा डबा उपडा केला. तुझं खरं पत्र पीठ झटकून वाचलं.

तिला वाटलं होतं मी कोसळेन. कोसळलो. ओट्याला धरून उभा राहिलो आणि लहान मुलासारखा रडलो. पण मुंगे, ते रडणं वेगळं होतं, हे तिला कसं सांगू? अडीच महिने मी एकच गोष्ट चावत होतो. माझा धातू खोटा, म्हणजे माझं सगळं आयुष्य खोटं, ज्या ज्या भट्टीत माझी जाळी आहे तिथे उद्या कोणाचा तरी डोळा जाणार. त्यापेक्षा आपण नसलेलं बरं, इथपर्यंत गेलो होतो. हो, किल्ली त्यासाठीच मागितली होती. तुला खोटं सांगत नाही. तुझ्या वहिनीनं दिली नाही. तिच्या कमरेला दिसत होती, आणि तिनं माझ्या डोळ्यात बघून हरवली म्हणून सांगितलं.

तुझ्या पत्रानं धातू सुटला. अडकलो मी. आणि मी अडकलो ह्याचं मला हायसं वाटलं. चूक माणसाला सोसते, ती करणाऱ्याला पुढे काही करता येतं. आपलं आयुष्यभराचं काम फुकट होतं, हे सोसत नाही.

चौकशीच्या आधी घड्याळकडे गेलो. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, दुप्पट भाजल्याचं, मायेचं, सगळं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे घासलं असतंस तर वाचलो असतो."

मी म्हटलं, "हो."

तो उठला, कपाटातून माझा व्हर्नियर काढला आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "घेऊन जा. एका डोळ्यानं ह्यावरच्या रेघा मला वाचता येत नाहीत." दारापर्यंत आला नाही. माफी मी मागितली नाही, मागून काय होणार होतं. रोज जाणार आहे. दार लावून घेतलं तरी जाणार आहे.

समितीपुढे जुना मसुदा फाडला आणि खरं सांगितलं. साल माझी, भाजणं माझं. धातूवर आळ घेऊ नका, माझ्यावर घ्या. त्यांनी बरण्यांचं ऐकलं आणि हसले. शिक्क्याचा कागद आणा, म्हणाले, तोवर पाणीघराचं कुठलंही काम तुम्हाला मिळणार नाही. बरोबरच आहे. माझी भट्टीही तोवर बंद. गाव टँकरच्या रांगेत उभं आहे, आणि त्या रांगेत लोक माझ्याकडे बघतात.

आता खरी गोष्ट. काल किल्ली घेऊन तुझी वहिनी आणि मी कारखान्यात गेलो. उरलेलं एक चाक घरी आणलं. म्हटलं, साल काढायची. पॉलिशपेपर घेतला आणि बसलो. मुंगे, हात चालेना. आयुष्यभर पोरांना जे करू दिलं नाही, ते माझ्या हातानं व्हायला तयार नाही. पेपर टेकवावा आणि उचलावा. तुझी वहिनी बघत होती. तेवढ्यात आई आली. चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. म्हणाली, "असं करपेपर्यंत ठेवतात का रे? सरक." खाली बसली, राख-वाळू मागून घेतली आणि घासायला लागली. मी चाक धरून बसलो. चाक वाकडं धरलं म्हणून ती मला दोनदा रागावली. सगळी निळाई माझ्या हातांवर उतरली, आणि आतून पांढुरका, साधा धातू निघाला. मी इतकी वर्षं तो ओतत आलो, आणि त्याचा असा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता.

त्याच चाकाचा एक तुकडा कापून पाठवतोय. खिडकीत एखादी बरणी रिकामी कर. काय होतं ते दिसेल तसं कळव. वाईट दिसलं तर वाईट लिही. खोटं पुन्हा लिहू नकोस, तुला जमत नाही.

कानांपायी नोकरी गेली, हे मला आधी कळवायला हवं होतंस. भेटलीस की त्यावर भांडणार आहे. मोठ्यानं भांडीन, म्हणजे तुला ऐकू येईल.

दादा

वन्सं, पाकीट बंद करण्याआधी माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी. खरं पत्र मी दडवलं, ह्यावरून हे मला आयुष्यभर टोचणार आहेत, टोचू देत. किल्ली मी अजून दिलेली नाही. चाक घासून झाल्यावर हे पानावर बसले आणि दोनदा वाढून घेतलं. मी ओट्याशी उभी राहून नुसती बघत होते. बरणी नीट झाकून ठेवा.

वहिनी